शेरीफच्या पत्रकावरचा माझा फोटो

मुंबईत शेरीफ म्हणजे हारतुरे स्वीकारणारा, पाहुण्यांचं स्वागत करणारा मानाचा माणूस. अमेरिकेत आल्यावर कितीतरी वर्षं मी इथल्या शेरीफचीही तशीच कल्पना करून बसले होते. आमच्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, शेरीफ हा पोलिसांचा प्रमुख असतो, तुरुंग त्याच्या ताब्यात असतो आणि तो चक्क मतं मागून निवडून येतो, हे मला शेजारच्या बाईंमुळे कळलं. तोवर मी नागरिकत्वाची परीक्षा पास होऊन बसले होते. त्यात राष्ट्राध्यक्षाची मुदत विचारतात, तुरुंगाची किल्ली कोणाकडे असते ते विचारत नाहीत.

शेजारच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. आयुष्यभर शाळेची बस चालवली. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी केळ्याचा ब्रेड घेऊन आल्या आणि कचऱ्याची गाडी कधी येते, कोणाचं कुत्रं चावतं, हे सगळं दारातच सांगून गेल्या. मला त्या 'हनी' म्हणतात. माझं नाव त्यांना उच्चारता येत नाही आणि पहिल्या वर्षी मी ते दुरुस्त केलं नाही, त्यामुळे आता उशीर झाला.

एका फेब्रुवारीत, बर्फ पडून गेल्यावर, त्यांचा फोन आला. मोतीबिंदूमुळे त्यांना गाडी चालवायला बंदी होती. "हनी, मला जरा एका ठिकाणी सोडशील?" मला वाटलं दूध-अंडी आणायची असतील. गाडीत बसून पट्टा लावल्यावर त्या म्हणाल्या, "जेलला जायचंय."

माझे वडील मिरजेला एस.टी.त नोकरीला होते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे ते आम्हाला रोज जेवताना ऐकवायचे. पोलीस दिसला की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, आणि त्यांनी आयुष्यात साधा विनातिकीट प्रवाससुद्धा केला नव्हता. ते रक्त माझ्यात आहे. "एक मिनिट हं," म्हणून मी घरात गेले आणि अमेरिकन पासपोर्ट पर्समध्ये टाकला. वाटेत वाटलं, नुसता पासपोर्ट पुरेल का? पण परत फिरायला लाज वाटली.

बाईंचा मुलगा चाळिशीचा. छपरं दुरुस्त करायची कामं करायचा, अधूनमधून आईकडे राहायचा. एका बारबाहेर भांडण झालं, ढकलाढकली झाली, समोरचा पडला. खटला अजून उभाही राहिला नव्हता, पण जामीन भरायची ऐपत नव्हती, म्हणून तो आत.

तुरुंगाच्या बाहेरच्या खोलीत जमिनीला बोल्टनं घट्ट केलेल्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर ओळीनं छोटे पडदे, प्रत्येकाखाली टेलिफोनचा रिसीव्हर. या शेरीफनं समोरासमोर भेटणं बंद केलं होतं. मुलगा त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे कुठेतरी, आणि आईनं इतक्या लांब येऊन त्याला पडद्यावर बघायचं. मी मिरजेतल्या माझ्या आईला रोज पडद्यावरच बघते, पण आमच्यामध्ये निदान समुद्र आहेत.

मी लांबच्या खुर्चीत पर्स पोटाशी धरून बसले होते. मध्येच बाईंनी मला हाक मारली. "हनी, इकडे ये. तुझे डोळे चांगले आहेत. हे चित्र खराब आहे की त्याचे दात तुटलेत?"

मी पाहिलं. पडद्यावर चौकोन चौकोन होत होते. त्याच्या हनुवटीवर निळं-काळं होतं आणि वरचे पुढचे दात नव्हते.

"चित्र खराब आहे," मी म्हणाले.

मग त्यानंच सांगितलं. त्याला फिट्स येतात, रोज गोळी लागते. आत गेल्यावर गोळी मिळायला बरेच दिवस लागले. तेवढ्यात फिट आली आणि तो दुमजली खाटेच्या वरच्या मजल्यावरून खाली पडला. हे सांगताना तो आईची समजूत काढल्यासारखा हसला, आणि हसल्यावर चित्र खराब नाही हे अगदी स्पष्ट झालं.

परतताना बाई खिडकीबाहेर बघत होत्या. गावात शिरल्यावर म्हणाल्या, "तू खोटं बोललीस ते चांगल्यासाठी. पण पुन्हा नको." मी 'सॉरी' म्हणाले आणि पुढच्या सिग्नलला लाल दिव्यात निघाले. मागून हॉर्न वाजले. पर्समधला पासपोर्ट मला आधार देऊ शकला नाही.

त्यानंतर बाई एका गटात जायला लागल्या. चर्चच्या तळघरात कैद्यांच्या हक्कांसाठी काम करणारे काही लोक जमायचे. त्यात एक निवृत्त वकीलबाई होत्या, कॉलेजातल्या काही मुली होत्या आणि त्याच तुरुंगात राहून आलेला एक उंच, शांत माणूस होता, जो आता ट्रकचे टायर बदलायचं काम करायचा. नोव्हेंबरात शेरीफची निवडणूक होती आणि या शेरीफला पुन्हा निवडून येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. समोर त्याच्याच खात्यातून राजीनामा देऊन बाहेर पडलेला एक अधिकारी उभा होता.

मी तिथे फक्त ड्रायव्हर म्हणून जायचे. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, म्हणजे पळायला सोपं. पण रिकामे हात मला बघवत नाहीत. कोणीतरी पत्रकांच्या घड्या घालत होतं, वाकड्यातिकड्या. मी उठून घालून दाखवल्या. महिनाभरात पत्रकांच्या घड्या हे माझं खातं झालं. शेरीफच्या विरोधातली त्या काउंटीतली सगळ्यात सरळ घडी माझी होती.

घरी नवरा म्हणाला, "अगं, तू कशात पडतेयस? उद्या काही झालं तर?"

"मी फक्त घड्या घालते."

"क्रांतीत पण कोणीतरी घड्या घालतच असणार," तो म्हणाला आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरला.

घड्यांपुरतं राहिलं असतं तर बरं. पण मग दारोदार जायची वेळ आली आणि वकीलबाई म्हणाल्या, "तू तुमच्या लोकांकडे जा. तुझं ऐकतील." आमच्या लोकांनी आजवर माझं काय ऐकलंय हे त्यांना माहीत नव्हतं.

पहिल्या घराची बेल वाजवली. दार उघडणारा गृहस्थ इतका दणकट होता की मी "सॉरी, राँग हाउस," म्हणून परतले. मग ओळखीची घरं घेतली. प्रत्येक घरी चहा झाला, चिवडा झाला, मुलांच्या कॉलेजांच्या चौकश्या झाल्या, आणि शेरीफचा विषय काढायच्या आत मी चपला घालून बाहेर. एका घरातून तर डबा भरून शंकरपाळे घेऊन आले. गटातल्या मुलींनी विचारलं, "कसा प्रतिसाद?" मी म्हटलं, "फार प्रेमळ."

एका घरी मात्र बोलावंच लागलं, कारण काकांनी पिशवीतून डोकावणारं पत्रक स्वतःच ओढून घेतलं. काका आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. पुण्याहून आलेले, सगळी हयात मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेलेली. चष्मा वर करून त्यांनी पत्रक वाचलं.

"हे तू वाटतेस?"

"शेजारच्या बाईंसाठी, काका."

"अगं, तुरुंगात आहेत म्हणजे काहीतरी केलंच असेल ना?"

"अजून खटला झालेला नाही, काका."

"मग पकडलं कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. वकीलबाईंनी तोंडपाठ करून घेतलं होतं, कायद्याच्या शब्दांसकट. पण त्या वेळी त्यातलं एकही आठवेना. मी त्यांना दातांची गोष्ट सांगितली. चित्र खराब आहे असं मी म्हणाले तेही सांगितलं. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

काकांनी चष्मा खाली घेतला आणि पत्रक मला परत दिलं. मग म्हणाले, "हे वाईट झालं. पण आपलं मंडळ नॉन-प्रॉफिट आहे. मंडळात राजकारण आणू नकोस बरं का."

"नाही काका," मी म्हणाले आणि पत्रकाची घडी पुन्हा नीट घालून पिशवीत ठेवली.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती आला. हायस्कूलचं सभागृह भाड्यानं घेतलेलं. मी प्रसाद समितीची प्रमुख, त्यामुळे मोदकांच्या ताटामागे पैठणी नेसून उभी. तेवढ्यात ढोलताशा सुरू झाला आणि दारातून काका आत आले. त्यांच्याबरोबर गणवेशातला एक उंच, गोरा, हसरा माणूस होता आणि त्याच्या डोक्यावर केशरी फेटा होता. पत्रकांवरच्या त्या चेहऱ्याच्या मी इतक्या घड्या घातल्या होत्या की सपाट अवस्थेत तो मला क्षणभर ओळखूच आला नाही.

माईकवरून घोषणा झाली, "आज आपल्यात प्रमुख पाहुणे म्हणून आपल्या काउंटीचे शेरीफ आलेले आहेत!" टाळ्यांचा कडकडाट. मंडळात राजकारण नको म्हणणारे काका त्यांना हाताला धरून आरतीला घेऊन गेले. शेरीफनी टाळ्याही तालात वाजवल्या, जे आमच्यातल्या बऱ्याच जणांना जमत नाही.

आरती झाल्यावर काका त्यांना घेऊन थेट माझ्यापुढे आले. माझ्या मनात त्या वेळी काय काय आलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. बाईंचा चेहरा, ते पडदे, तो मुलगा. खरं सांगायचं तर एकच विचार आला, मोदक गार तर झाले नसतील ना? मी ताट पुढे केलं. इतकंच नाही, तूपही वाढलं. ते म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हणाले, "मोदक. आत नारळ आणि गूळ असतो." ते म्हणाले, "वंडरफुल!" आणि मी हसले. सगळे दात दाखवून हसले. तेवढ्यात फ्लॅश चमकला.

माझी मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होती. ती शेजारीच द्रोण लावत होती. शेरीफ पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आई, यू गेव्ह हिम एक्स्ट्रा तूप."

"पाहुणा आहे तो."

"यू आर कॅम्पेनिंग अगेन्स्ट हिम!"

"हळू बोल," मी म्हणाले.

ऑक्टोबरात टपालातून गुळगुळीत कागदाचं पत्रक आलं. काउंटीतल्या घरोघरी गेलं. फेटा बांधलेले शेरीफ, त्यांच्या हातात मोदक, आणि बाजूला पैठणीतली मी, जणू माझ्या भावाचं लग्न ठरलंय अशा आनंदात. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व समाजांचा विश्वास'.

बाई ते घेऊन स्वतः दारात आल्या. मी जमिनीत जायची वाट बघत होते. त्या पत्रकाकडे नीट बघून म्हणाल्या, "हनी, ही साडी फार सुंदर आहे." पुढे काही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात चर्चच्या तळघरात मी गेले तेव्हा ते पत्रक टेबलाच्या मधोमध होतं. मी सगळं सांगितलं. ताट, तूप, फ्लॅश. कॉलेजच्या मुली माझ्याकडे अविश्वासानं बघत होत्या. मग तो टायरवाला उंच माणूस हसायला लागला. आधी आवाज न करता, मग टेबलावर हात आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी आत असताना," तो म्हणाला, "जेवण वाढायला हिला का नाही बोलावलं त्यांनी?" मग सगळेच हसले. मीही हसले, पण मला रडायला येत होतं हे वकीलबाईंनी पाहिलं असावं, कारण त्यांनी माझ्यापुढे पत्रकांचा गठ्ठा सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी शेरीफच्या प्रचार कार्यालयात फोन केला. म्हटलं, माझा फोटो काढून टाका. फोनवरची मुलगी अतिशय गोड होती. म्हणाली, पत्रकं तर गेली, पण फोटोत तुम्ही छान दिसता, आणि तुमच्या अंगणात लावायला आमची पाटी पाठवू का? मी काय म्हणाले ते आठवत नाही, पण शेवटी 'थँक यू' म्हणाले एवढं नक्की. दोन दिवसांनी माझ्या हिरवळीवर शेरीफच्या नावाची पाटी रोवलेली होती. नवरा खिडकीतून बघत म्हणाला, "आता आपण नेमके कोणाच्या बाजूनं आहोत ते एकदा सांगून ठेव. कोणी विचारलं तर पंचाईत नको." ती पाटी उपटताना तिची लोखंडी तार वाकली आणि ती गॅरेजमध्ये कुठे मावेना.

वकीलबाईंना मात्र यात संधी दिसली. लायब्ररीच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांची सभा होणार होती, लोकांनी प्रश्न विचारायचे होते. "त्यांच्याच पत्रकावरची बाई उठून प्रश्न विचारते," त्या म्हणाल्या, "याहून चांगलं काय?" मी म्हटलं, याहून चांगलं म्हणजे दुसरं कोणीही. पण प्रश्न माझ्याकडेच आला. आठवडाभर तो मी भांडी घासताना म्हणत होते, ऑफिसला जाताना गाडीत म्हणत होते. कुकरपुढे तर मी फारच प्रभावी बोलायचे.

सभेला गर्दी होती. मंडळातली मंडळी पण होती, काका-काकू पहिल्या रांगेत. माझी पाळी आली. उठले, माईक तोंडाशी इतका जवळ नेला की पहिला शब्द सगळ्यांच्या कानात फुटला. शेरीफ माझ्याकडे बघून खुलले. "मोडॅक!" ते म्हणाले. सभागृह हसलं. आणि माझा आठवडाभराचा प्रश्न, त्यातल्या नियमांसकट आणि कलमांसकट, गेला.

"माझ्या शेजारणीला," मी म्हणाले, "तिच्या मुलाला भेटायचंय. पडद्यावर नाही. तुम्ही ते परत सुरू कराल का?"

शेरीफनी छान उत्तर दिलं. सुरक्षितता, आत चोरून येणाऱ्या वस्तू, अपुरे कर्मचारी. ते रागावले नाहीत, उलट प्रश्नाबद्दल त्यांनी माझे आभार मानले. आणि मी 'थँक यू सो मच' म्हणून खाली बसले. बसल्यावर कळलं की त्यांनी 'नाही' म्हटलं होतं.

तेव्हा माझ्या बाजूला बाई उभ्या राहिल्या. माईक मागितला नाही. शाळेची बस चालवलेल्या बाईला तो लागत नाही.

"शेरीफ, त्याचे दात पडले ते मला कोणी कळवलं का नाही? मी तुमच्या खिडकीवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, पडदा खराब आहे. सगळे मला हेच सांगत होते."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी मी मान खाली घातली.

शेरीफ पहिल्यांदाच जरा अडखळले. "मॅम, मी यात लक्ष घालतो," म्हणाले. त्यांच्याविरुद्ध उभा असलेला उमेदवार काहीतरी बोलायला गेला, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही पण त्या वेळी तिथेच नोकरीला होतात," आणि खाली बसल्या. सूत्रसंचालकानं वेळ संपल्याचं सांगितलं.

बाहेर पडताना गर्दीत काकूंनी माझा दंड धरला. काका कोट घालत होते. "हे ऐक," त्या कुजबुजल्या, "मी कोणाला मत देणार ते यांना सांगू नकोस हं." मी म्हटलं, "मलाही सांगू नका काकू, माझ्या पोटात काही राहत नाही." त्या हसल्या आणि काकांचा मफलर नीट करायला गेल्या.

शेरीफ निवडून आले. आरामात आले. टायरवाल्यानं खांदे उडवले आणि म्हणाला, मागच्या खेपेला तर याच्याविरुद्ध कोणी उभंच नव्हतं. मी सकाळी ऑफिसात बसून निकाल पाहिला आणि शेजारच्या सहकाऱ्यानं "काय झालं?" विचारल्यावर "ॲलर्जी," म्हणाले. आम्ही हरणार हे मला मनातून ठाऊकच होतं, तरी इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी बाईंकडे गेले, तर त्या ओट्याशी पाई भाजत होत्या. "हनी, खटला जानेवारीत आहे," त्या म्हणाल्या. "निवडणूक तुमची होती. मला फक्त माझा मुलगा हवा होता." हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला बोचलंसुद्धा नाही, घरी आल्यावर बोचलं.

नाताळच्या थोडं आधी शेरीफच्या कार्यालयानं जाहीर केलं की आठवड्यातून एक दिवस समोरासमोर भेट पुन्हा सुरू होत आहे, काचेपलीकडून. त्यात आमच्या गटाचा उल्लेख नव्हता. 'कुटुंबांविषयीच्या आमच्या बांधिलकीतून' असं काहीतरी होतं. वकीलबाई चिडल्या. मुली म्हणाल्या, काच काही उपकार नाही. सगळं खरं होतं. तरी मी त्या दिवसाची सुट्टी टाकली.

बाईंनी लाल स्वेटर घातला होता, ओठांना रंग लावला होता. या खेपेला त्या आत गेल्या आणि मी त्या घट्ट खुर्च्यांपैकी एकीत बसले. भिंतीवरचे पडदे तसेच होते, एका पडद्यापुढे एक तरुण बाई मांडीवर बाळ घेऊन त्याचा हात धरून हलवत होती.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चष्मा धुकटलेला होता. गाडीत बसल्यावर त्यांनी तो पुसला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"जाड झालाय," त्या म्हणाल्या. "पडद्यावर कळतच नव्हतं. आणि कानाशी केस पांढरे झालेत, त्याच्या वडिलांसारखे." मग म्हणाल्या, "मी काचेला हात लावला तर तिथल्या मुलीनं सांगितलं, हात लावायचा नाही. मी काढला. ती वळली की परत लावला."

रस्त्यात बर्फ भुरभुरत होता. त्यांना भूक लागली होती, म्हणून महामार्गाच्या कडेला एका पॅनकेकच्या हॉटेलात थांबलो. त्यांनी माझी वाट न बघता दोघींसाठी मागवलं, आणि वाढणाऱ्या मुलीला सांगितलं, "आज माझ्या मुलाला भेटून आलेय." ती मुलगी म्हणाली, "अरे वा, कुठे असतो तो?" बाईंनी खिडकीबाहेर, आम्ही आलो त्या दिशेला, हात केला आणि म्हणाल्या, "इथेच. जवळच."